बीट नसलेलं पातेलं

फ्रिजचे सगळे कप्पे धुंडाळून झाले तरी चेलोला लहान पातेलं सापडेना.

मोठं होतं. नेहमीसारखं खालचा अख्खा कप्पा अडवून बसलेलं. आत सर्व संतांच्या दिवसाचं, मेलेल्यांच्या सणाचं फियाम्ब्रे: घेवडा, गाजर, फ्लॉवर, कोबी, कोंबडी, जीभ, चार तऱ्हांची सॉसेजेस, प्रत्येक गोष्ट वेगळी उकडलेली आणि मग एकत्र करून रात्रभर आंबट रसात मुरवलेली. बिटानं सगळ्याला एकच लालजांभळा रंग चढला होता. लेमुसांच्या घरी फियाम्ब्रे लालच होतं, चेलोच्या आजीच्या काळापासून. पण त्या मोठ्या पातेल्याच्या शेजारी दरवर्षी निळ्या काठाचं एक लहान पातेलं असायचं, बीट न घातलेलं. चेलोनं मान वर केली तेव्हा ते तिला दिसलं. खुंटीला टांगलेलं, कोरडं ठणठणीत.

"आई, पांढरं कुठाय?"

तेंचा टेबलाशी बसून उकडलेली अंडी कापत होती. थंडी पडली की तिच्या बोटांची पेरं सुजत. सुरी ती मुठीत धरायची, लहान मुलं धरतात तशी.

"कसलं पांढरं?"

"बेर्नाबेंचं."

"केलं नाही."

"केलं नाही म्हणजे?"

"म्हणजे केलं नाही. तुला ऑलिव्ह काढायला सांगितलं होतं, ते काढलेस का?"

चेलोनं फ्रिजचं दार लावलं आणि तिथंच पाठ टेकून उभी राहिली. जनरल ओक्ताव्हियो लेमुस, म्हणजे तिचे बाबा, जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच सण. परसात पाइनची पानं पसरायची कुणाला आठवण राहिली नव्हती. देवघरातला झेंडू तिनंच सकाळी बाजारातून आणला होता. हे सगळं चालवून घेण्यासारखं होतं. पण पांढरं फियाम्ब्रे नाही, हे तिला गालावर चपराक बसल्यासारखं लागलं.

दरवर्षी या दिवशी सकाळी बाबा स्वतः ताट भरायचे. वर अंडी, मुळा, किसलेलं चीज, सगळं नीट मांडून, भरतकामाच्या फडक्यानं झाकून, मांडीवर घेऊन गाडीत बसायचे. मग पूल ओलांडून दरीपलीकडच्या वस्तीत, बेर्नाबे इशकोतच्या दारात. ज्या माणसाशी ते डोंगरात वर्षानुवर्षं लढले आणि मग मेक्सिकोत एका लांबलचक टेबलाच्या दोन बाजूंना बसून वर्षानुवर्षं भांडले, त्याच्या. तिथं, त्या टेबलाशी, एकदा हाच सण आला होता. दोन्ही बाजूंचे लोक हॉटेलचं सूप पीत घरच्या आठवणीनं रडकुंडीला आले होते. तेव्हा बाबा पलीकडच्या माणसाला म्हणाले होते, "हे एकदा मिटलं ना, की माझ्या घरचं ताट तुमच्याकडे पाठवीन." मिटलं. आणि पाठवलं.

पहिल्या वर्षी ताट लालच गेलं. बेर्नाबेनं फडकं उचललं, परत झाकलं आणि म्हणाला, "जनरल, राग मानू नका. आजच्या दिवशी मला लाल जात नाही." बाबा ताट घेऊन घरी आले आणि दिवसभर जेवले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी आईला सांगितलं, एक लहान पातेलं बिटाशिवायचं कर. आईनं हातातला डाव फेकला होता. भिंतीला त्याची खूण अजून होती. पण पातेलं केलं होतं.

"दादानं सांगितलं का तुला, करू नको म्हणून?" चेलोनं विचारलं.

"मला सांगायला तो कोण लागून गेलाय?" तेंचानं सुरी खाली ठेवली आणि बोटं चोळली. "मीच नाही केलं. दमले मी, चेलो. सगळं दोनदा उकडायचं. गाजर दोनदा, घेवडा दोनदा. लाल भांड्याचा चमचा पांढऱ्यात बुडता कामा नये. इतकी वर्षं केलं. तुमच्यापैकी एकानं तरी कधी विचारलं, मला काय वाटतं म्हणून?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं.

फाउस्तो आत आला तो फोन खिशात घालत. इस्त्रीचा शर्ट, बाबांचं घड्याळ. दारातूनच त्यानं बहिणीचा चेहरा वाचला.

"काय झालं?"

"पांढरं नाहीये या वर्षी. तुझी काळजी मिटली."

"मी काही बोललो का?"

"तू कशाला बोलशील? तुझी ती म्हातारी फौज येतेय ना एक वाजता? त्यांनी अट घातली असेल. आणि तू मान डोलावली असशील."

"अट नव्हती घातली," फाउस्तो म्हणाला. मग प्रामाणिकपणा आडवा आला म्हणून पुढे म्हणाला, "विचारलं होतं फक्त."

माजी अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांचा काल फोन आला होता. मंडळी झेंडा घेऊन कबरीवर येणार, घरी जेवणार, फोटो काढणार. आणि अगदी शेवटी, सहज बोलल्यासारखं, "ते ताट वगैरे आता दरीपलीकडे जात नसेल ना?" फाउस्तो म्हणाला होता, नाही. म्हणताना त्याला फार काही वाटलं नव्हतं. निवडणूक सहा महिन्यांवर होती. ही माणसं पाठीशी उभी राहिली तर तो संसदेत जाणार आणि नाही राहिली तर घरी बसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते तो नाकारतही नव्हता.

पण एवढंच नव्हतं, आणि हे तो चेलोला कधी समजावू शकला नव्हता. बाबांच्या अंत्ययात्रेला तो चर्चच्या दारात उभा होता. राजदूत आले, प्राध्यापक आले, परदेशी बायका रडत आल्या. पण बाबांच्या अकादमीच्या बॅचमधला एकही आला नाही. एकही गणवेश नाही. ज्या माणसानं आयुष्यातली चाळीस वर्षं गणवेशात काढली, त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला भाड्याची माणसं. एकीकडे 'शांततेचा जनरल' म्हणून भाषणं चालली होती आणि फाउस्तोला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. त्याला बाबांसाठी ती माणसं परत हवी होती. आज ती येत होती. एका ताटाच्या बदल्यात.

"बाबांना त्यांच्याच लोकांनी गद्दार म्हटलं, चेलो. वीस वर्षं म्हटलं. आज ते स्वतःहून सलामी द्यायला येतायत. तुला यात काहीच दिसत नाही?"

"दिसतं की. जिवंतपणी थुंकले आणि आता मेलेल्या माणसाला सलामी. त्याला काय कळणारे!"

"मला कळेल."

"मग असं म्हण ना. बाबांच्या नावावर कशाला खपवतोस?"

"भांडा," तेंचा म्हणाली. "तुमचे बाबा असते तर मधे पडून दोघांचा तह करून दिला असता. मला ते जमत नाही. ऑलिव्ह काढ गं."

तेवढ्यात बेल वाजली. एव्हारिस्तो आला होता.

तो या घरात तहानंतर आला नव्हता. कर्नल एव्हारिस्तो लेमुस, जनरलचा धाकटा भाऊ. मोठ्या भावानं तहावर सही केली त्या रात्री धाकट्यानं टीव्हीवर बूट फेकून मारला होता आणि बोलणं टाकलं होतं. अंत्ययात्रेच्या दिवशी तो चर्चसमोर रस्त्यापलीकडे उभा होता. फाउस्तोनं पाहिलं होतं, पण आईला सांगितलं नव्हतं. आता तो दारात उभा होता, एका हातात झेंडूची जुडी आणि दुसऱ्यात रमची बाटली. पँट कमरेला दोरी बांधल्यासारखी गोळा झाली होती, इतका तो वाळला होता.

"या, भाऊजी," तेंचा म्हणाली. वीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. "पाय पुसा. चिखल आहे बुटाला."

एव्हारिस्तोनं निमूटपणे पाय पुसले.

फाउस्तोला आनंद झाला. काका म्हणजे संघटनेचा कणा. काका घरात आले म्हणजे निम्मं काम झालं. त्यानं खुर्ची ओढून दिली, ग्लास आणला.

"बरं झालं आलात, काका. आता तुम्हीच हिला सांगा. चेलोचं म्हणणं आहे की आजही त्या माणसाला ताट गेलं पाहिजे."

"कुठल्या माणसाला?"

"इशकोत. आणखी कोण?"

एव्हारिस्तोनं रमचा घोट घेतला. त्याची नजर भिंतीकडच्या मांडणीवर होती. तिथं ताटं उभी लावली होती. त्यात एक होतं, कडेचा टवका उडालेलं, पिवळ्या फुलांचं. ते त्यानं लगेच ओळखलं.

"हे ताट माझ्या घरी यायचं," तो म्हणाला.

"काय?"

"हेच. टवका उडालेलं. दरवर्षी या दिवशी ओक्ताव्हियो आधी माझ्याकडे यायचा, मग पुलापलीकडे जायचा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

फाउस्तोनं आईकडे पाहिलं. तेंचा अंडी मांडत राहिली.

"दारात उभा राहायचा ताट घेऊन. मी आतून ओरडायचो, घेऊन जा. तो थोडा वेळ थांबायचा. मग गाडीचा आवाज यायचा." एव्हारिस्तोनं ग्लास खाली ठेवला. "एकदा खिडकीतून पाहिलं. डोकं सगळं पांढरं झालं होतं त्याचं. म्हटलं, पुढच्या वर्षी उघडू दार. दरवर्षी असंच म्हणायचो."

"तुमचं ताट भरलेलं परत यायचं," तेंचा म्हणाली. "आणि त्याचं रिकामं. रिकामं म्हणजे त्यात काहीतरी असायचं त्यांच्याकडचं. कधी चायोट्याची उकडलेली फळभाजी, कधी मक्याची भाकरी. शत्रूनं माझं ताट चाटून पुसून पाठवायचं आणि घरच्या माणसानं जसंच्या तसं. तुम्ही मला त्या माणसाची ऋणी केलंत, भाऊजी. त्याचा राग जास्त आहे मला."

परसातल्या दोरीवर कपडे फडफडत होते. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पतंग उडवत होतं आणि वारा नोव्हेंबरचा, नुसता झोडपणारा.

"म्हणून यंदा मी हे सगळं सोडायचं ठरवलं," तेंचा पुढे म्हणाली. "लोक म्हणतात ओक्ताव्हियोला साक्षात्कार झाला. भाषणं करतात. कसला साक्षात्कार? दमला होता तो. एक दिवस डोंगरातून आला आणि बूट न काढता पलंगावर बसला. म्हणाला, तेंचा, आता मिसरूडही न फुटलेली पोरं पाठवतायत माझ्याकडे, मी त्यांना काय करू? एवढंच. त्यातून तो तह आला. आणि तो तह माझ्या चुलीवर येऊन बसला. माझ्या रुबेनला त्या इशकोतच्या लोकांनी घाटात मारलं. माझा भाऊ. चोवीस वर्षांचा, दातांचा डॉक्टर, नुकताच लष्करात घेतलेला. एक गोळी त्यानं कुणावर झाडली नव्हती. आणि मी त्या माणसासाठी घेवडा वेगळा उकडते, कारण त्याला लाल जात नाही. मला कुणी विचारलं का, मला काय जात नाही?"

चेलो पुढे आली. आईच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं ऑलिव्हची बरणी उघडली.

फाउस्तोला आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं. आई त्याच्या बाजूला होती, काका घरात होते, पांढरं पातेलं खुंटीला होतं. पण तसं वाटेना. त्यानं घड्याळ पाहिलं. मंडळी यायला वेळ होता. आणि तेवढ्यात परत बेल वाजली.

"लवकर आले," तो म्हणाला आणि शर्ट सारखा करत गेला.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्या मागे काठी टेकत बेर्नाबे इशकोत आत आला.

तेंचानं त्याला इतक्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं. सहीच्या फोटोत पाहिलं होतं, अंत्ययात्रेत लांबून पाहिलं होतं. तिच्या मनात तो अजून जाड मिशांचा, खांद्यावर बंदूक असलेला होता. हा तर तिच्याच उंचीचा म्हातारा. स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात. आणि एका हातात फडक्यानं झाकलेलं ताट, छातीशी धरलेलं, म्हणून काठी नीट टेकता येत नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या गावाकडे घरात माणूस गेलं की पहिल्या सणाला ते घर चूल पेटवत नाही. दुसऱ्यांनी आणून द्यायचं असतं. मला वाटलं, जनरलच्या घरी… तुमच्यात तसं नसेल, मला माहीत नाही. पण आमच्यात आहे."

त्यानं ताट टेबलावर ठेवलं. त्याचा हात तिला दिसला. बोटं, नखं, तळव्याच्या रेघा, सगळं जांभळटलाल. घासूनही न गेलेलं.

तेंचानं फडकं उचललं. लाल फियाम्ब्रे. बिटाचे तुकडे ओबडधोबड, काही अंगठ्याएवढे, काही मोहरीएवढे. अंडी फुटलेली. चीज एका बाजूला ढिगानं.

"तुम्ही केलंत?"

"सून गावाला गेलीय. मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. बीट किती घालायचं ते कळेना." तो जरा थांबला. "तुमच्या घरी लाल खातात, म्हणून लाल केलं."

तेंचाला एकदम बसावंसं वाटलं, पण ती बसलेलीच होती. तिला त्याचा राग आला, खरंच आला. हा माणूस सकाळभर बीट चिरत बसला. ज्याला या दिवशी लाल नुसतं डोळ्यांपुढेही चालत नाही, त्यानं हात मनगटापर्यंत लाल केले, आणि तिचं पातेलं खुंटीला. तिनं चमचा घेतला आणि कडेचा एक घास तोंडात टाकला.

"व्हिनेगर जास्त झालंय."

"हो. कळलं मला नंतर."

"आणि गाजर कच्चं आहे."

"तेही कळलं."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," तेंचा म्हणाली. "हे सांगून ठेवते. माझ्या भावाचं."

"मीही केलेलं नाही, बाई." तो आवाज न चढवता म्हणाला. "जनरललाही नाही. त्यालाही ते माहीत होतं. आम्ही दोघं दमलो होतो फक्त. बाकीचं वर्तमानपत्रांनी लिहिलं."

चेलोनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला, काठी गुडघ्यांत धरून. आणि मग त्याचं लक्ष समोर गेलं. एव्हारिस्तो भिंतीला टेकून उभा होता. बेर्नाबे आल्यापासून तो हलला नव्हता.

"बसा ना, काका," फाउस्तो कसंबसं म्हणाला.

"बसतोय. मी कोण आहे माहीतेय का ह्यांना?"

"कर्नल लेमुस," बेर्नाबे म्हणाला. "तोंडानं नव्हतं ओळखत. पण आत्ता आवाज ऐकला. तुमची तुकडी रेडिओवर बोलायची तेव्हा आम्ही ऐकायचो. रोज संध्याकाळी. तुम्ही जेवायला काय आहे ते विचारायचात आधी, मग बाकीचं."

मक्याची शेतं जाळायचा हुकूम त्याच रेडिओवरून आला होता आणि एव्हारिस्तोनं तो पाळला होता. त्या वर्षी लोक डोंगरात पळाले आणि कणसं नव्हती. बेर्नाबेची धाकटी मुलगी त्याच डोंगरात भुकेनं गेली, हे त्याला पुढं तहाच्या वेळी भावाकडून कळलं होतं. ओक्ताव्हियोनं सांगितलं, आणि त्यानं बूट फेकला. टीव्हीवर. लोकांना वाटलं, तहाचा राग.

"ते ताट," एव्हारिस्तो म्हणाला. घसा खाकरला. "ते ताट परत जायचंय ना? रिकामं करायला पाहिजे."

"नाही केलं तरी चालेल," बेर्नाबे म्हणाला. "चांगलं झालेलं नाही. बाईंनी चव घेतली, पुरे."

"तुम्ही गप्प बसा." आवाज तोच होता, हुकूम देणारा, पण त्याच्यात दम नव्हता. "वहिनी, काटा द्या."

तेंचानं काटा दिला. तो टेबलाशी बसला आणि खाऊ लागला. उभ्यानं खाल्ल्यासारखा, मान खाली घालून. कच्चं गाजर कडकड वाजत होतं. व्हिनेगरनं डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पुसलं नाही, कारण व्हिनेगरचंच आहे असं सगळ्यांना वाटायला हवं होतं. मधे एकदा थांबला. चेलोला वाटलं, झालं, आता टाकणार. पण त्यानं रमचा घोट घेतला आणि परत काटा उचलला. अंडी संपली, सॉसेज संपली, बिटाचे अंगठ्याएवढे तुकडे संपले. शेवटी भाकरीचा तुकडा घेऊन त्यानं कडेचा रससुद्धा पुसून घेतला.

बेर्नाबे त्याच्याकडे पाहत नव्हता. खिडकीतून पतंगाकडे पाहत होता. पण उठलाही नाही.

तेंचानं ताट उचललं आणि नळाखाली धरलं. लाल पाणी वाहून गेलं. तिनं ते फडक्यानं पुसलं, उलटं करून पाहिलं. साधं, बाजारातलं ताट. मग तिनं हात वर करून निळ्या काठाचं पातेलं खुंटीवरून काढलं. बोटं दुखली. तिनं शिवी दिली, मोठ्यानं, आणि पातेल्यात पाणी भरून गॅसवर चढवलं.

"हे बीट उचल इथनं," ती फाउस्तोला म्हणाली. "सगळं. चमचाही. आणि हात धुऊन गाजरं सोल."

"आई."

"आज होणार नाही. रात्रभर मुरायला लागतं. उद्या पोचेल. उद्याही मेलेल्यांचाच दिवस आहे."

"आई, तू मघाशी म्हणालीस ना, दमलीस म्हणून."

"दमलेच आहे. म्हणून तर तुला सोलायला सांगतेय."

फाउस्तो उभाच होता, तेव्हा बेल तिसऱ्यांदा वाजली. या वेळी लांब, ऐटीत दाबलेली. दाराबाहेर गाड्यांची दारं आपटली, हसण्याचा आवाज आला, कुणीतरी 'झेंडा सांभाळून' असं म्हणालं. फाउस्तोनं काकाकडे पाहिलं. एव्हारिस्तो ओठ पुसत होता. तो उठला नाही आणि त्यानं काही सांगितलंही नाही.

"ते आलेत," फाउस्तो म्हणाला.

"मग दार उघड. पाहुणे आहेत," तेंचा म्हणाली. "चेलो, गाजरं काढ गं."

फाउस्तो ओसरीत गेला. दार उघडल्याचं ऐकू आलं, बुटांचे आवाज, पाठीवर थापा, जनरलच्या नावाचा जयजयकार. मग अध्यक्षांचा मोठा आवाज: "चला, मुला, कबरीवर निघायचं ना? सगळी तयारी झाली?"

स्वयंपाकघरात चेलोनं सोलणी हातात धरली होती आणि ती सोलत नव्हती.

"थोडं थांबावं लागेल," फाउस्तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण आत सगळ्यांना ऐकू आला. "आई पांढरं करतेय. मला गाजरं सोलायचीत. उद्या पुलापलीकडे ताट मीच घेऊन जाणार आहे."